दीडशे वर्षांचे आकडे आणि आईचं सातूचं पीठ

गेल्या दिवाळीनंतर आईचे उरलेसुरले दात काढले. कवळी बसायला दोन-अडीच महिने लागणार होते. तोवर भाकरी बंद, पोळी बंद, दाण्याची चटणी बंद. दुपारी मऊ भात आणि वरण जायचं पोटात, पण रात्री "मला नको काही, कपभर दूध दे" यावर गाडी आली. दीड महिन्यात वजन पन्नास किलोवरून सेहेचाळीसवर आलं तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

भावाने लगेच एक डबा आणून दिला. 'एका वेळच्या जेवणाऐवजी' असं त्यावर लिहिलेलं. मागच्या बाजूला जीवनसत्त्वांची आणि खनिजांची ही लांबलचक यादी. आईने दोन दिवस प्यायलं आणि तिसऱ्या दिवशी पेला बाजूला सारला. "औषधाचा वास येतो गं याला. त्यापेक्षा सातूचं पीठ कर की."

आता सातूचं पीठ आमच्याकडे आजीच्या काळापासून होतंय. नावात सातू असले तरी त्यात असतात भाजलेले गहू आणि डाळं, वेलची नाहीतर सुंठ. दुधात कालवायचं, गूळ घालायचा. दळणं सोपं. पण रात्रीचं जेवण म्हणून द्यायचं तर गहू किती, डाळ किती, आणि रोज किती द्यायचं? आजीचं माप एकच, अंदाजाने. म्हणून आकडे शोधायला बसले. प्रथिनांचाच आकडा घ्या. एका तक्त्यात वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, एका पुस्तकात १ ग्रॅम, म्हाताऱ्या माणसांसाठी लिहिलेल्या एका शिफारशीत १ ते १.२. आईच्या वजनाला गुणलं तर ३८ ग्रॅमपासून ५५ ग्रॅमपर्यंत काहीही येतं. यातलं खरं कुठलं? आणि मुळात हे आकडे काढले कुणी?

हा दुसरा प्रश्न डोक्यात शिरला आणि मग महिनाभर रात्री मिळेल ते वाचत बसले. तीच हकीकत आज सांगते. जरा लांबेल, चहा घेऊन बसा :-)

गोष्टीची सुरुवात एका आजोबांपासून करावी लागते. युस्टुस फॉन लीबिग हा एकोणिसाव्या शतकातला जर्मनीचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ. अन्न म्हणजे प्रथिनं, पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि क्षार, बाकी काही नाही, अशी त्या काळच्या रसायनशास्त्राची पक्की समजूत होती. लीबिगच्या एका नातवंडाला आईचं दूध मिळेना. तेव्हा आजोबांनी १८६५ साली घरी करता येईल अशी कृती बसवून छापली. गव्हाचं पीठ, मोड आणलेल्या धान्याचं म्हणजे माल्टचं पीठ, गाईचं दूध आणि चिमूटभर पोटॅशियम बायकार्बोनेट. वाचताना मला हसूच आलं. हे तर आपल्या नाचणीच्या सत्त्वाचं जर्मन भावंडं! आईच्या दुधात जे जे सापडतं ते ते यात त्याच प्रमाणात आहे, असा लीबिगचा दावा होता. पुढे ही पूड बाजारातही आली.

१८६७ साली पॅरिसमध्ये दपोल नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने हे अन्न चार नवजात बाळांना देऊन पाहिलं. चारही बाळं काही दिवसांतच दगावली. दोष सगळा कृतीचाच होता का, यावर तेव्हाही वाद झाला. पण नंतर १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात दूध मिळेना. लोकांनी अंड्यातलं प्रथिन आणि चरबी घुसळून बनावट दूध करायचा प्रयत्न केला, आणि त्यावरही बाळं जगेनात. जाँ-बाप्तिस्त द्युमा हा फ्रान्सचा तितकाच मोठा रसायनशास्त्रज्ञ या वेढ्यात शहरातच होता. १८७१ साली त्याने जे लिहिलं त्याचा मतितार्थ असा, की दुधातली जी द्रव्यं आम्हाला ओळखता येतात ती एकत्र केली म्हणजे दूध होत नाही. आम्हाला न दिसलेलं काहीतरी त्यात आहे, आणि ते कळेपर्यंत दूध बनवता येतं असं कुठल्याही शहाण्या रसायनशास्त्रज्ञाने म्हणू नये.

मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. तोही रसायनशास्त्रज्ञच. पण आपलं शास्त्र कुठे संपतं हे त्याने जाहीरपणे सांगितलं.

'न दिसलेलं काहीतरी' सापडायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. १९१२ साली इंग्लंडमध्ये हॉपकिन्सने दाखवलं, की शुद्ध केलेलं प्रथिन, स्टार्च, चरबी आणि क्षार पोटभर खाऊनही उंदरांच्या पिल्लांची वाढ थांबते, आणि त्याच आहारात रोज अगदी थोडं दूध घातलं की ती पुन्हा वाढू लागतात. त्याच वर्षी फुंक या शास्त्रज्ञाने अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचवलं. लीबिगच्या हिशेबात चूक नव्हती. त्याच्या यादीतच काही रकाने नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत, रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टरने बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी छोटीशी प्रयोगशाळा उघडली. तिचंच पुढे १९२८ मध्ये न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज झालं, १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली आणि १९६९ पासून तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था. आज आपण भारतीय आहाराचे जे म्हणून आकडे वाचतो ते बहुतेक याच दारातून बाहेर पडलेले आहेत.

मॅकॅरिसनचा गाजलेला प्रयोग तुम्हाला आवडेल. त्याने उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. वजनात शिखांचं जेवण जेवणारे उंदीर पहिले आले, पठाण दुसरे आणि आपले मराठा उंदीर तिसरे! मद्रासी शेवटचे. उंदरांवरून माणसांच्या जमातींची प्रतवारी लावायचा साहेबी नाद त्यात होताच, तो सोडून देऊ. पण कामाची गोष्ट अशी, की त्याने सुटं द्रव्य न तपासता अख्खं ताट तपासलं. वर आलेल्या ताटात सडीचा गहू, दूध, तूप, डाळ आणि भाजी होती. तळाच्या ताटात पॉलिश केलेला तांदूळ होता आणि दूध जवळजवळ नव्हतं.

रोज किती खावं याचा सरकारी तक्ता मात्र युद्धाने आणला. अमेरिकेत १९४१ साली, महायुद्धात उतरायच्या तोंडावर, लिडिया रॉबर्ट्स, हेझेल स्टीबेलिंग आणि हेलन मिचेल या तिघींवर हे काम सोपवलं. (होय, तिन्ही बायका. स्वयंपाकघराचं नशीब!) त्यांनी ठिकठिकाणच्या तज्ज्ञांची मतं मागवली, ती आली एकमेकांशी न जुळणारी, आणि त्यातून त्यांनी मधला मार्ग काढला. नाव देतानाही 'गरज' किंवा 'प्रमाण' असा शब्द मुद्दाम टाळून 'शिफारस' हा शब्द निवडला. हे शेवटचं वाक्य नाही, पुढे बदलेल, असं त्या नावातच सांगून ठेवलं. त्या पहिल्या तक्त्यात कॅलरी, प्रथिनं, कॅल्शियम, लोह आणि सहा जीवनसत्त्वं, एवढेच रकाने होते. बी-१२ नव्हतं, कारण ते वेगळं काढता आलं १९४८ साली. म्हणजे १९४१ मध्ये कुणी तो तक्ता समोर ठेवून, सगळे रकाने काटेकोर भरून, घरी पूड केली असती आणि वर्षानुवर्षं फक्त तीच खाल्ली असती, तर लीबिगचीच गत पुन्हा.

भारताचा पहिला तक्ता १९४४ सालचा. नंतर तो १९६८, १९७८, १९८८, २०१० आणि २०२० मध्ये बदलला. २०१० मध्ये बाईला रोज २१ मिलिग्रॅम लोह सांगितलं होतं, २०२० मध्ये २९. मोठ्या माणसाचं कॅल्शियम ६०० मिलिग्रॅमवरून १००० झालं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वैतागले होते. दर दहा वर्षांनी बदलणाऱ्या आकड्यावर विश्वास काय ठेवायचा? आता उलटं वाटतं. कधी बदलला, का बदलला, कुणी बदलला हे ज्याच्याबरोबर छापलेलं असतं तोच आकडा निदान तपासता येतो. आमच्या डब्यावर असलं काही नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शिफारशीचा आकडा म्हणजे माझी किंवा तुमची गरज नव्हे. निरोगी माणसांच्या मोठ्या समुदायातल्या शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांना पुरून उरेल असा तो बेताने वर ठेवलेला असतो. म्हणून तर २०२० च्या भारतीय तक्त्यात प्रथिनांचे दोन आकडे आहेत. किलोमागे सरासरी गरज ०.६६ ग्रॅम आणि शिफारस ०.८३. कॅलरीचा आकडा मात्र सरासरीच असतो, कारण सगळ्यांना वरचा आकडा दिला तर बहुतेक जण लठ्ठ होतील!

या सरासरीवरून आपल्याकडे मोठा वाद झाला, आणि त्यातला एक पक्ष आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९११ चा जन्म, संख्याशास्त्रज्ञ, आणि जवळजवळ वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की सरासरीच्या खाली जेवणारा प्रत्येक माणूस उपाशी म्हणून मोजणं चूक आहे. गरज माणसागणिक वेगळी, आणि एकाच माणसाचीसुद्धा आठवड्यागणिक वरखाली होते. पोटाला पुरेसं अन्न मिळालं तर प्रथिनं बहुधा पुरतात, खरी उणीव अन्नाचीच आहे, हेही ते सांगत राहिले. त्या काळी जगभर 'प्रथिनांची दरी' बुजवायच्या योजना चालू होत्या. पुढे १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने प्रथिनांचे आकडे खाली आणले, आणि १९७४ साली मॅक्लॅरेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्या सगळ्या प्रकाराला फजिती म्हटलं.

दुसऱ्या बाजूला होते डॉ. सी. गोपालन, राष्ट्रीय पोषण संस्थेचे संचालक राहिलेले. त्यांना भीती होती, की 'कमीतही भागतं' असं एकदा शास्त्राने म्हटलं की सरकार गरिबाचं ताट आणखी लहान करील. तक्ते दोघांच्या पुढे तेच होते. मला यात कोण बरोबर हे ठरवता येत नाही, आणि ठरवायचं माझं काम नाही. पण आई सेहेचाळीस किलोवर आलेली असताना मी सुखात्म्यांचं वाचत होते आणि मनातून गोपालनांची झाले होते, एवढं खरं.

परंपरेवर डोळे मिटून विसंबावं असंही नाही बरं का. नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या दख्खनच्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा हा रोग दिसायचा, आणि त्याचा मागोवा घेण्यात हेच गोपालन आघाडीवर होते. भाकरी वाईट नाही. ताटात भाकरीशिवाय काहीच नसणं वाईट.

आणि बाजारावर विसंबावं, तर १९७७ आठवा. आदल्या वर्षी अमेरिकेत रॉबर्ट लिन या डॉक्टरचं वजन उतरवायचं पुस्तक आलं आणि 'लिक्विड प्रोटीन'ची लाट आली. जेवण बंद, दिवसभर फक्त हे पातळ प्रथिन. ते बनायचं कत्तलखान्यात उरलेल्या कातड्यांपासून आणि हाडा-स्नायुबंधांपासून, म्हणजे मूळ जिलेटिनच. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. महिनोन् महिने त्यावर राहिलेल्या लोकांचे, बहुतेक बायकांचे, अचानक हृदय थांबून मृत्यू व्हायला लागले. सुमारे साठ मृत्यूंची तिथल्या सरकारी खात्यांनी चौकशी केली. प्रथिनांचे ग्रॅम मोजायला गेलं तर भरपूर होते. पुढे २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॉब ऱ्हाइनहार्ट या तरुण अभियंत्याने छापील तक्ते समोर ठेवून घरीच पूर्णान्नाची पूड कालवली, तीवर राहिला, आणि छातीत धडधडायला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं की लोह घालायचंच राहिलं. त्याने ते स्वतःच लिहून जाहीर केलं, हे चांगलं केलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मला हवी होती ती गोष्ट सापडली, आणि ती निघाली जवळजवळ आजीचीच. हैदराबादच्या संस्थेने १९७० च्या दशकात कुपोषित मुलांसाठी एक घरगुती मिश्रण बसवलं. त्याला 'हैदराबाद मिक्स' म्हणतात. भाजलेला गहू ४० ग्रॅम, भाजलेली हरभरा डाळ १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम, गूळ २० ग्रॅम. त्यातून सुमारे ३३० कॅलरी आणि ११.३ ग्रॅम प्रथिनं मिळतात. घरात मिळणाऱ्या चार वस्तू, कृती उघड, मापं उघड. मी संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांवरून (त्यात ५२८ पदार्थ आहेत) गुणाकार करून पाहिला, जवळपास तेवढाच आला. तो क्षण मला फार समाधानाचा वाटला. कुणीतरी सांगितलेला आकडा आपल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुळतो, यासारखं दुसरं प्रमाणपत्र नाही.

पण (हा 'पण' महत्त्वाचा) हे मिश्रण लहान मुलांसाठी होतं, आणि जेवणाला जोड म्हणून होतं, जेवणाऐवजी नव्हे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, थोडी साखर असलेल्या बाईसाठी वीस ग्रॅम गूळ कुणी सुचवलेला नव्हता. तो कागद घेऊन मी आईच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी गूळ पाच ग्रॅमवर आणला, पाण्याऐवजी पेलाभर दूध सांगितलं. दुधाची सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं धरून एका वाटीत सतरा-अठरा ग्रॅम झाली. बी-१२ धान्या-डाळीत नसतंच, ते दुधातून थोडं मिळतं, म्हणून रक्त तपासायला सांगितलं. आणि प्रथिनांचा कुठला आकडा धरू, या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, वय पासष्टच्या पुढे आणि वजन उतरतंय, तर वरचा धरा. १ ते १.२ हा आकडा युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१३ साली म्हाताऱ्या माणसांसाठीच सुचवलेला होता. म्हणजे माझे तिन्ही आकडे खरेच होते. फक्त ते वेगवेगळ्या माणसांसाठी होते, आणि मी ते एकाच आईला लावत बसले होते.

आता कुठलाही तक्ता हातात आला की मी आधी बघते, हा कुणासाठी केलाय, कशावरून केलाय, आणि यात काय नाही ते सांगितलंय का. 'सर्वांसाठी परिपूर्ण' असं लिहिलेलं दिसलं की मला पॅरिसमधला तो द्युमा आठवतो.

पीठ एका वेळी आठवड्यापुरतंच करते, दाणे खवट होतात म्हणून. गहू भाजायला लागले की आई खोलीतूनच विचारते, "तांबूस झाले का गं?" तिचा तक्ता तो. ती वाटी संध्याकाळी सहाला घेते आणि आठ वाजता चार घास मऊ भातही खाते, कारण एका पिठावर माणूस जगत नाही असं तिचं मत आहे आणि या बाबतीत शास्त्र तिच्या बाजूने आहे. कवळी आली. वजन गेल्या रविवारी साडेसत्तेचाळीस भरलं. अजून अडीच किलो यायचंय.

मामी, तुमच्याकडे सातूच्या पिठात सुंठ घालतात की वेलची? आईचं आणि माझं यावरून रोज वाजतंय. तेवढं कळवा.